लॅपटॉपवर आहे, डेस्कटॉपवर नाही: वंशावळीच्या फाइलींची वारंवार होणारी चुकामूक

रविवारी दुपारभर बसून वीस-पंचवीस माणसांच्या नोंदी घातल्या. बुधवारी दुसऱ्या संगणकावर तीच वंशावळ उघडली, तर त्यातली निम्मी माणसं गायब. फोल्डरमध्ये पाहावं तर एकाच नावाच्या दोन फाइली, आणि एकीच्या नावामागे दुसऱ्या संगणकाचं नाव चिकटलेलं. एकीत रविवारच्या नोंदी आहेत पण फोटो नाहीत. दुसरीत फोटो आहेत, नोंदी नाहीत. आता ठेवायची कोणती?

माझ्याकडे हे तीन वेळा झालं. पहिल्या दोन वेळा जे गेलं ते कागदांवरून पुन्हा भरता आलं. तिसऱ्या वेळी गेली ती एक टीप. आत्याशी फोनवर बोलता बोलता, तिच्याच शब्दांत टाइप करून घेतलेली. जन्मतारीख दाखल्यावरून पुन्हा काढता येते. आत्याला तेव्हा जे आठवलं होतं ते आता आठवत नाही. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आत्ता, या क्षणी तुमच्यासमोर अशा दोन फाइली असतील तर आधी हात थांबवा. सगळ्या संगणकांवर वंशावळीचा प्रोग्रॅम बंद करा, सिंक (संगणकांतल्या फाइली नेटवरून आपोआप सारख्या ठेवणारी सेवा) थांबवा, आणि प्रत्येक संगणकावरचा वंशावळीचा अख्खा फोल्डर जसाच्या तसा वेगळ्या जागी कॉपी करून ठेवा. नावात संगणक आणि तारीख दोन्ही घाला. "नुसती उघडून बघते" हेही नको. बरेच प्रोग्रॅम फाइल उघडतानाच तिच्यात काही ना काही लिहितात, आणि नव्या आवृत्तीचा प्रोग्रॅम असेल तर जुनी फाइल नव्या रचनेत बदलून टाकतो. तो बदल एकतर्फी असतो. मग जुन्या आवृत्तीच्या संगणकावर ती उघडत नाही. आणि ती जास्तीची, विचित्र नावाची फाइल कचरा समजून पुसू नका. तुमचा रविवार कदाचित तिच्यातच आहे.

हे होतं कशामुळे

दहातल्या नऊ वेळा कारण एकच असतं: चालू डेटाबेस सिंक होणाऱ्या फोल्डरमध्ये ठेवलेला असतो. आपल्याला ती एक "फाइल" वाटते, पत्रासारखी किंवा फोटोसारखी. ती तशी नसते. बहुतेक वंशावळ प्रोग्रॅम आतून एसक्यूलाइटसारखा डेटाबेस वापरतात. तुम्ही नोंद घालता तेव्हा ती मुख्य फाइलमध्ये थेट जाईलच असं नाही. पुष्कळदा शेजारी एक तात्पुरती फाइल तयार होते, तिच्या नावाच्या शेवटी "जर्नल" किंवा "डब्ल्यूएएल" असं काहीतरी असतं. "डब्ल्यूएएल" असेल तर ताजा मजकूर काही काळ तिथेच असतो, "जर्नल" असेल तर बदलाआधीचा मजकूर. मुख्य फाइल आणि ही शेजारीण मिळून एक वही होते. सिंकच्या सेवेला हे ठाऊक नसतं. तिला दिसतात दोन सुट्या फाइली. ती मुख्य फाइल आत्ता पाठवते आणि शेजारीण दोन मिनिटांनी, किंवा पाठवतच नाही. पलीकडच्या संगणकावर पोचते ती पानं फाटलेली वही. कधी नोंदी कमी दिसतात, कधी फाइल उघडतच नाही.

प्रोग्रॅम काहीच न करता बसतात असंही नाही. ग्रँप्स हा मुक्त प्रोग्रॅम, उदाहरणार्थ, वंशावळ उघडली की तिच्या फोल्डरमध्ये कुलपाची एक छोटी फाइल ठेवतो. दुसरीकडून उघडायला गेलं की ही वंशावळ आधीच उघडी आहे असं सांगतो आणि कुलूप मोडायचं का ते विचारतो. एकाच संगणकावर ही सोय उत्तम चालते. सिंकच्या फोल्डरमध्ये मात्र कुलूपही उशिरा पोचतं आणि उशिरा निघतं. त्यामुळे दोन्हीकडे वंशावळ एकदम उघडी राहू शकते, किंवा कुठेच उघडी नसताना कुलूप दिसतं आणि आपल्याला ते मोडायची सवय लागते. ही सवय फार घातक आहे. कुलूप दिसलं की आधी उठून दुसऱ्या संगणकापाशी जा, तिथे वंशावळ उघडी नाही याची खात्री करा, मग मोडा.

लेखणी एकाच हातात

बरेच उपाय करून पाहिल्यावर माझ्याकडे जो टिकला तो असा. डेटाबेस प्रत्येक संगणकाच्या स्वतःच्या डिस्कवर, सिंकच्या बाहेर. सिंकच्या फोल्डरमध्ये फक्त बंद गठ्ठे, म्हणजे प्रोग्रॅममधून एक्स्पोर्ट केलेली पूर्ण वंशावळ, नावात तारीख आणि वेळ घातलेली. एकदा तयार झालेला गठ्ठा पुन्हा कधी बदलायचा नाही. नवा बदल म्हणजे नवा गठ्ठा. ज्या फाइलीत कोणी लिहीतच नाही, तिच्या दोन आवृत्त्या होणार कशा?

आणि नोंदी करायचा अधिकार एका वेळी एकाच संगणकाला. गठ्ठ्यांशेजारी मी "लेखणी" नावाची साधी मजकूर फाइल ठेवते. तिच्यात शेवटची ओळ अशी असते:

"१४ तारीख, रात्री ९:४०. डेस्कटॉपवरून सोडली. व्यक्ती ८१२, कुटुंबं २६७, फोटो ४३०. आता लॅपटॉपकडे."

हे आकडे फार कामाचे आहेत. काम संपलं की एक्स्पोर्ट, मग प्रोग्रॅममधली व्यक्ती, कुटुंबं आणि फोटोंची संख्या पाहून ही ओळ, मग सिंक पूर्ण झाल्याची खूण दिसेपर्यंत थांबणं. संगणकाचं झाकण लगेच मिटायचं नाही. दुसरीकडे बसले की आधी "लेखणी" वाचायची, सगळ्यात नवा गठ्ठा नव्या, रिकाम्या वंशावळीत आयात करायचा आणि आकडे जुळवायचे. जुळले तरच पहिली नोंद. आठशे बाराच्या जागी आठशे नऊ दिसले तर तिथेच थांबायचं, कारण तीन माणसं शोधणं आज सोपं आहे. महिन्याभराने ती तीन होती की तेरा हेही कळणार नाही.

"नव्या, रिकाम्या" हे शब्द मुद्दाम वापरलेत. आधीच भरलेल्या वंशावळीत जेडकॉम (वंशावळीच्या माहितीचं, सगळ्या प्रोग्रॅमना चालणारं स्वरूप) फाइल आयात केली, तर सर्वसाधारणपणे प्रोग्रॅम जुन्या माणसांवर नवी माहिती बसवत नाही, सगळी माणसं पुन्हा घालतो. पणजोबा दोन, त्यांची लग्नं दोन, मुलं दुप्पट. "माझी वंशावळ अचानक दुप्पट झाली" या तक्रारीचं मूळ बहुधा हेच असतं. तसं झालं असेल तर एकेक जोडी विलीन करत बसू नका. आयातीआधीच्या प्रतीवर परत जा.

गठ्ठा कोणत्या स्वरूपात काढायचा, हाही प्रश्न आहेच. सवयीने सगळे जेडकॉमकडे वळतात. जेडकॉम १९८४ पासून आहे, आणि एका प्रोग्रॅममधून दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये माहिती नेण्यासाठी आजही तोच सामाईक मार्ग आहे. पण आपल्याच दोन संगणकांमध्ये, एकाच प्रोग्रॅमसाठी तो वापरू नये असं माझं ठाम मत आहे. प्रत्येक प्रोग्रॅमच्या काही खास गोष्टी असतात आणि जेडकॉममध्ये त्यांना ठरलेली जागा नसते. त्या एकतर गळतात किंवा टिपेत जाऊन पडतात. फोटो तर नेहमीच्या जेडकॉम फाइलमध्ये नसतातच, असतो तो फक्त त्यांचा पत्ता. २०२१ साली आलेल्या जेडकॉम ७.० मध्ये फोटोंसह बांधलेल्या गठ्ठ्याचीही व्याख्या आहे, पण सगळे प्रोग्रॅम अजून ती आवृत्ती वाचत नाहीत. म्हणून तुमच्या प्रोग्रॅमचं स्वतःचं पूर्ण बॅकअप स्वरूप वापरा. ग्रँप्समध्ये फोटोंसकटचा गठ्ठा आणि फोटोंशिवायचा एक्सएमएल (साध्या मजकुरात लिहिलेली वंशावळ) असे दोन्ही पर्याय आहेत. मी रोज दुसरा काढते आणि महिन्यातून एकदा पहिला.

ही पद्धत चालायला दोन्ही संगणकांवर प्रोग्रॅमची एकच आवृत्ती हवी. एकीकडे अपडेट केलंत की त्याच दिवशी दुसरीकडेही करा.

फोटो सापडत नाहीत

माणसं सगळी आहेत, पण फोटोंच्या जागी रिकाम्या चौकटी. फोटो बहुतेक वेळा गेलेले नसतात, पत्ता चुकलेला असतो. एका संगणकावर फोटो "डी" ड्राइव्हवर आहेत, दुसऱ्यावर तो ड्राइव्हच नाही. किंवा पत्त्यात वापरकर्त्याचं नाव आलंय आणि ते दोन्हीकडे वेगळं आहे. प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये फोटोंचा मूळ फोल्डर एकदा नेमून द्यायची सोय शोधा आणि पत्ते त्या फोल्डरपासून पुढचेच ठेवा. मग मूळ फोल्डर प्रत्येक संगणकावर वेगळ्या जागी असला तरी चालतो. फोटो स्वतः सिंकच्या फोल्डरमध्ये राहायला हरकत नाही, कारण स्कॅन केलेला फोटो पुन्हा पुन्हा बदलत नाही. फक्त सिंकची सेवा जागा वाचवण्यासाठी फोटोंऐवजी नुसती नावं संगणकावर ठेवत नाही ना, हे तपासा. नेट नसताना अशा फाइली उघडत नाहीत.

पत्ते बरोबर असूनही मोजकेच फोटो सापडत नसतील, तर नावं बघा. विंडोज आणि मॅक इंग्रजी मोठ्या-लहान अक्षरांत सहसा फरक करत नाहीत, लिनक्स करतो. नावात अपूर्णविराम किंवा प्रश्नचिन्ह असेल तर विंडोज ती फाइल घेतच नाही.

आता जे सांगते आहे ते शोधायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला, आणि ते खास आपल्या लिपीचं आहे. आमच्या वंशावळीत "कुऱ्हाडे" आडनावाची एक शाखा आहे. लॅपटॉपवर शोध घेतला की सतरा माणसं, यादी डोळ्यांनी मोजली की तेवीस. उरलेली सहा यादीत दिसतात, आडनाव अक्षरशः तेच, पण शोधात येत नाहीत. दोन्ही संगणकांवर टाइप करायचा कीबोर्ड वेगळा होता, एवढाच फरक.

"ऱ्ह" हे जोडाक्षर संगणकात दोन प्रकारे लिहिलं जातं. एक, "ऱ" हे स्वतंत्र अक्षर, मग हलन्त, मग "ह". दोन, साधा "र", हलन्त, त्यापुढे न दिसणारं एक जोडचिन्ह, मग "ह". पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखी. युनिकोड, म्हणजे संगणकातल्या अक्षरांचं जागतिक मानक, दोन्ही प्रकार मान्य करतं. "ऱ" चा प्रकार मुख्य आणि दुसरा जुन्या मजकुरासाठी चालवून घेतलेला. पण शोधाच्या दृष्टीने ती दोन वेगळी आडनावं आहेत, आणि मजकुराचं नेहमीचं युनिकोड शुद्धीकरणही या दोघांना एक करत नाही. ओळखायचं कसं? "ऱ्ह" च्या लगेच मागे कर्सर ठेवा आणि एकेकदा बॅकस्पेस दाबा. बहुतेक ठिकाणी पहिल्या प्रकारात जोडाक्षर तीन दाबांत संपतं, दुसऱ्यात चार लागतात, त्यातल्या एका दाबाला पडद्यावर काही पुसल्यासारखं वाटत नाही. तपासून झालं की बदल न जतन करता बाहेर पडा.

"ॲ" चंही तसंच. ते स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधीचे कीबोर्ड "अ" वर चंद्र चढवून तेच लिहीत, काही अजूनही लिहितात. दिसायला एक, आतून दोन. उपाय एकच: एक प्रकार ठरवा, दोन्ही संगणकांवर एकच कीबोर्ड बसवा, आणि जुन्या नोंदींत शोधा-आणि-बदला करून सगळं त्या प्रकारात आणा. बदलण्याआधी गठ्ठा काढायला विसरू नका.

फाइलींच्या नावांतही हाच "ऱ" नडतो. मॅकची जुनी, एचएफएस प्लस पद्धतीची डिस्क फाइलचं नाव साठवताना "ऱ" चे "र" आणि नुक्ता असे दोन तुकडे करते. त्या डिस्कवरून फोटो लिनक्सवर गेले की लिनक्सला नाव वेगळंच वाटतं. वंशावळीतल्या पत्त्यात एकसंध "ऱ", डिस्कवर तुटका, आणि फोटो "सापडत नाही". यासाठी मी फोटोंना देवनागरी नावं देणं बंद केलं. फाइलचं नाव म्हणजे नुसता आकडा, आणि फोटोत कोण आहे, कधी काढला, कुणाकडून मिळाला हे सगळं मराठीत वंशावळीच्या नोंदीत. मनाला पटायला वेळ लागला, पण तेव्हापासून फोटो हरवलेले नाहीत.

देवनागरीचा आणखी एक फटका जेडकॉममध्ये बसतो. जेडकॉम ५.५.१ मध्ये एका ओळीची लांबी २५५ अक्षरांपर्यंत मर्यादित आहे. लांब टीप असली की प्रोग्रॅम तिचे तुकडे करून पुढच्या ओळींवर ठेवतो. यूटीएफ-८ या युनिकोड साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. प्रोग्रॅमने चिन्हांऐवजी बाइट मोजले तर ८५ चिन्हांतच मर्यादा भरते, आणि कापताना एखादं अक्षर मधोमध चिरलं जाऊ शकतं. परत वाचताना तिथे प्रश्नचिन्हाचा काळा चौकोन येतो. तुकडा मोकळ्या जागेवर पडला तर ती जागा गळते आणि दोन शब्द एकमेकांना चिकटतात. "आजीसांगायची" असं काही लांब टिपेत दिसलं, तर ती टीप एकदा तरी जेडकॉममधून फिरून आलेली आहे असं समजा आणि मूळ गठ्ठ्यातली टीप शोधा. निर्यात करताना यूटीएफ-८ निवडलंय ना हेही बघा. अक्षरं साठवायच्या ॲनसेल या जुन्या पर्यायात देवनागरीला जागाच नाही.

तारखा सरकल्या तर

हे स्प्रेडशीटमधून होतं. नातेवाइकांना भरायला सोपं म्हणून आपण एक्सेलची यादी पाठवतो. ०३/०४/१९५२ ही एका संगणकाला ३ एप्रिल वाटते, दुसऱ्याला ४ मार्च. शिवाय एक्सेल १९०० च्या आधीच्या तारखांना तारीख मानतच नाही. त्या नुसता मजकूर म्हणून राहतात आणि क्रम लावला की वेगळ्याच जागी जातात. आणि सगळ्या तारखा बरोबर ४ वर्षं १ दिवसाने पुढेमागे झाल्या असतील, तर शोधाशोध करू नका. एका फाइलीत १९०० पासून आणि दुसरीत १९०४ पासून मोजायची पद्धत निवडलेली आहे आणि मजकूर एकीतून दुसरीत चिकटवला गेलाय. यादीत दिवस, महिना, वर्ष यांचे तीन वेगळे रकाने करा, महिना अक्षरांत लिहायला सांगा. हा सगळा त्रास संपतो.

दोन फाटे फुटलेच असतील तर

आता त्या रविवार-बुधवारच्या दोन फाइलींकडे. आधी दोन्ही सारख्या होत्या असा शेवटचा गठ्ठा किंवा बॅकअप शोधा. त्याची तारीख म्हणजे फाटा फुटला ती जागा. मग दोन्ही फाइलींच्या प्रती (मूळ नव्हे) उघडा आणि माणसांची यादी "शेवटचा बदल" या रकान्याने लावा. बहुतेक प्रोग्रॅम प्रत्येक नोंदीवर ही वेळ ठेवतात. फाट्याच्या तारखेनंतर बदललेल्या नोंदी दोन्हीकडून कागदावर उतरवा. यादी वाटते तितकी लांब नसते. टिपा, स्रोत आणि फोटो यांच्या याद्याही वेगळ्या बघा, कारण टीप बदलली तरी माणसाच्या नोंदीवरची वेळ बदलेलच असं नाही. माझी आत्याची टीप अशीच नजरेतून सुटली होती: मी फक्त माणसांची यादी पाहिली, "इकडे काही नवं नाही" म्हणून ती फाइल पुसली.

जिच्यात लांब टिपा आणि हाताने केलेलं बारीक काम जास्त, ती फाइल आधार म्हणून ठेवा. दुसरीतले बदल तिच्यात हाताने घाला. आपोआप विलीन करणारी साधनं आहेत, पण ती "हाच तो माणूस" हे नाव आणि साल पाहून ठरवतात, आणि आजोबांचंच नाव नातवाला ठेवलेल्या घरात ती फसतात. पन्नासेक बदल असतील तर हाताने तासा-दोन तासांचं काम आहे. शेकडो असतील तर दोन्हींचा एक्सएमएल काढून, तो उलगडून साध्या मजकुराची तुलना करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये समोरासमोर ठेवा. वेगळ्या ओळी रंगवून दिसतात. दोन गठ्ठ्यांचे चेकसम (फाइलीच्या मजकुरावरून काढलेला, ओळख पटवणारा आकडा) जुळतात का हे मात्र इथे बघू नका. एक्स्पोर्टची वेळ फाइलीत लिहिली जात असल्यामुळे मजकूर सारखा असूनही चेकसम वेगळा येतो. चेकसमचा उपयोग एवढाच की पाठवलेला गठ्ठा जसाच्या तसा पोचला का ते कळावं.

घरातले चार-पाच जण रोज नोंदी करणार असतील तर ही लेखणीची पद्धत अपुरी पडते. तेव्हा फाइल फिरवायचा विचारच सोडा आणि एकच डेटाबेस एका सर्व्हरवर ठेवून सगळ्यांनी ब्राउझरमधून तिथेच लिहावं. ग्रँप्स वेबसारखी मुक्त साधनं त्यासाठी आहेत. सर्व्हर सांभाळणारं आणि त्याचा बॅकअप काढणारं एक माणूस मात्र ठरलेलं हवं. एखादाच चुलतभाऊ अधूनमधून भर घालत असेल तर त्याला फाइल देऊ नका, वाचायला अहवाल द्या आणि दुरुस्त्या पत्रासारख्या लिहून मागवा.

आणि तो तिसरा संगणक, जो कपाटात बंद असतो. सहा महिन्यांनी तो सुरू केला, त्याचं घड्याळ पुढचीच तारीख दाखवत असलं, आणि सिंकची सेवा "नवी वेळ तीच खरी" असं मानणारी असली, तर त्याच्यावरची जुनी फाइल सगळीकडच्या नव्या फाइलींवर बसू शकते. असा संगणक नेट बंद ठेवून सुरू करा. घड्याळ बरोबर लावा, त्याच्यावरचा वंशावळीचा फोल्डर सिंकच्या बाहेर हलवा, नावात "जुना" आणि तारीख घाला. मगच नेट जोडा. गठ्ठे उतरले की सगळ्यात नवा गठ्ठा रिकाम्या वंशावळीत घ्या, आकडे "लेखणी"शी ताडून पाहा, आणि त्या "जुन्या" फोल्डरमधल्या टिपा सावकाश, एकेक करून वाचून काढा.